घटस्फोट झाला, हप्ता राहिला

२०२२ च्या जूनमधली गोष्ट. मी उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत हिशेब बघते. सात तारीख म्हणजे आमचा पगाराचा दिवस, मान वर करायला सवड नसते. त्यात फोन वाजला. पलीकडचा मुलगा कानडी वळणाच्या मराठीत बोलत होता, पण अदबीने. "मॅडम, होम लोनचे दोन हप्ते थकलेत. तिसरा परवा पडतोय. काय करणार तुम्ही?"

मी त्याला सांगितलं, माझा घटस्फोट झालाय. कोर्टाचा हुकूम आहे. हप्ते लेकीच्या बाबांनी भरायचे असं त्यात स्पष्ट लिहिलंय. तुम्ही त्यांना फोन करा.

"केला मॅडम. उचलत नाहीत. लोनवर तुमची सही आहे न्हवं?"

"आहे."

"मग झालं की."

त्या "मग झालं की"वर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढची दोन वर्षं मी ते शोधत फिरले म्हणा ना.

हे सगळं आपल्या अंकात लिहावं की नाही, यावर बरेच दिवस विचार केला. आपल्याकडे घटस्फोट हा शब्दसुद्धा दार ओढून घेऊन बोलतात. पण गेल्या संक्रांतीला मंडळाच्या हळदीकुंकवाला (हो, मला बोलावतात, आणि मी जाते) दोघीजणींनी वेगवेगळ्या वेळी मला कोपऱ्यात नेऊन एकच प्रश्न विचारला. घर दोघांच्या नावावर आहे, कर्जही दोघांच्या नावावर आहे, आता काय करायचं? प्रत्येकीला स्वयंपाकघराच्या दाराशी उभं राहून सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहिलेलं बरं.

माझं माहेर कंग्राळीचं. सासर निपाणीचं. लग्न २००८ मध्ये झालं, लेक २०१० ची. तिचे बाबा पुण्यात नोकरीला होते आणि आम्ही मायलेकी इथे, कारण माझी नोकरी इथली आणि लेकीला सांभाळायला आई इथे. पंधरा दिवसांनी शनिवारी ते यायचे, रविवारी रात्रीच्या गाडीने जायचे. २०१४ मध्ये कंग्राळी बुद्रुकला एनए झालेला तीस बाय चाळीसचा प्लॉट घेतला. माझ्या लहानपणी तिथे भात असायचं. आता लेआऊटचे दगड आणि मधूनच एखाद्याने अजून न विकलेला भाजीचा तुकडा. प्लॉटला आबांनी चार लाख दिले. सासूबाईंनी आपल्या चार तोळ्यांच्या दोन पाटल्या मोडून एक लाख दहा हजार दिले. त्या पाटल्या त्यांनी निपाणीत विड्या वळून साठवलेल्या पैशातून केल्या होत्या, एवढं इथे सांगून ठेवते, पुढे त्यांच्याकडे यायचंच आहे. बाकी आमची बचत. आणि घर बांधायला बँकेचं अठरा लाखांचं कर्ज, वीस वर्षांचं, दोघांच्या नावावर. हप्ता साडेसतरा हजार.

जोडीने कर्ज घेतलं की जास्त मिळतं, करात दोघांनाही सूट मिळते, असं तेव्हा सगळेच सांगत होते. खोटं नव्हतं ते. बँकेतल्या बाईंनी फाईल पुढे सरकवली, जिथे जिथे पेन्सिलीने फुली मारली होती तिथे तिथे आम्ही सह्या केल्या. चाळीसेक असतील. एकही पान वाचलं नाही. वास्तुशांतीची तारीख ठरली होती ना.

लग्न का मोडलं ते लिहीत नाही. त्यात मारहाण नव्हती, दारू नव्हती, तिसरं माणूसही नव्हतं. २०१८ पासून ते यायचे बंद झाले, एवढंच म्हणते. २०२१ च्या जानेवारीत बेळगावच्या कौटुंबिक न्यायालयात आम्ही दोघांच्या संमतीने अर्ज दिला. हिंदू विवाह कायद्याचं १३ ब कलम. त्यात पहिल्या आणि दुसऱ्या अर्जामध्ये सहा महिने थांबावं लागतं, विचार बदलायला वाव म्हणून. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ही अट अगदीच बांधून ठेवणारी नाही, समेटाची आशाच उरली नसेल तर कोर्ट ती माफ करू शकतं. आमच्या वकिलांनी विचारलं, माफीचा अर्ज करायचा का? आम्ही म्हटलं नको, घाई नाही.

ते सहा महिने आम्ही कशावर बोललो ते आठवलं की आज हसू येतं. वॉशिंग मशीन कुणाचं. लेकीची दिवाळी कुठे. माझ्या बॅगेतलं त्यांचं घड्याळ. घराबद्दल एकच वाक्य झालं आणि तेच संमतिपत्रात उतरलं. पोटगीऐवजी कंग्राळीचं घर मी आणि लेक ठेवू, उरलेले हप्ते ते भरतील, आणि कर्ज फिटल्यावर आपला अर्धा हिस्सा माझ्या नावे सोडून देतील. वाचायला किती छान. ऑक्टोबरमध्ये हुकूम झाला. आईने सुटकेचा श्वास टाकला, "घर तरी राहिलं गे पदरात."

राहिलं होतं, पण कसं राहिलं होतं ते त्या जूनच्या फोनने कळलं.

वकीलसाहेबांकडे गेले तर त्यांनी चष्मा पुसत समजावलं. कोर्टाचा हुकूम तुम्हा दोघांवर बंधनकारक आहे. बँक त्या खटल्यात होती का? नव्हती. मग बँकेला त्या हुकमाशी काय देणं? दोघांनी मिळून वचन दिलं असेल तर घेणेकरी दोघांपैकी कुणालाही धरून सगळी रक्कम मागू शकतो. करार कायद्याचं ४३ वं कलम, १८७२ चं. म्हणजे "अर्धं माझं, अर्धं त्यांचं" असं कर्जात काही नसतंच. बँकेच्या लेखी मी पूर्ण कर्जदार आणि तेही पूर्ण कर्जदार. त्यांनी हप्ता चुकवला तर मी कोर्टात त्यांच्याविरुद्ध हुकमाची अंमलबजावणी मागू शकते. ते होईतोवर बँक थांबणार नाही. नव्वद दिवस उलटले की खातं थकीत कर्जांच्या वर्गात जातं, मग साठ दिवसांची नोटीस, आणि नंतर घराचा ताबा घ्यायला बँकेला कोर्टात दावासुद्धा लावावा लागत नाही. २००२ च्या कायद्याने तो अधिकार दिलाय.

त्या महिन्यात माझ्या भिशीचा नंबर लागला होता. लेकीला आठवीत लॅपटॉप घेऊ म्हणून ठेवली होती. दोन हप्ते आणि दंड मिळून छत्तीस हजारांच्या आसपास भरले आणि घरी येऊन लेकीला म्हटलं, लॅपटॉप पुढच्या वर्षी. तिने कारण विचारलं नाही. बाबांचं नाव निघेल अशी शंका आली की ती काही विचारत नाही, ते मला जास्त लागलं.

थोड्या दिवसांनी त्यांचा फोन आला. पुण्यातली नोकरी गेली होती, दुसरी मिळेपर्यंत चार महिने गेले. "मी सांगायला हवं होतं," म्हणाले. मी चिडले होते, पण ऐकून घेतलं. त्यांनी पुन्हा हप्ते सुरू केले, कधी वेळेवर, कधी आठ-दहा दिवस उशिरा. आणि प्रत्येक उशीर माझ्याही नावावर चढत गेला. ते मला वर्षभराने कळलं, लेकीच्या शिक्षणासाठी थोडं कर्ज मिळतं का बघायला गेले तेव्हा. सिबिलचा गुणांक ३०० ते ९०० मध्ये मोजतात. माझा ६४० निघाला. मी, जिने आयुष्यात वाण्याची उधारी ठेवली नाही! काउंटरवरच्या मुलीने स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवलं. गृहकर्जापुढच्या रकान्यांत उशिराचे दिवस मांडले होते, १२, ३७, ६४, पुन्हा ९. माझ्या घटस्फोटाचा एवढा तपशीलवार हिशेब दुसऱ्या कुणी ठेवला नसेल.

मग २०२३ च्या श्रावणात त्यांचा पुन्हा फोन. या वेळी आवाज वेगळा होता. त्यांनी दुसरं लग्न केलं होतं, लेकीकडून मला कळलं होतंच. पिंपरीकडे छोटा फ्लॅट बघितला होता, आणि बँकेने कर्ज नाकारलं. कारण? कंग्राळीचं कर्ज त्यांच्या डोक्यावर दिसत होतं. पगारातून आधी तो हप्ता वजा, मग उरलेल्यावर नवं कर्ज किती बसतं ते बघायचं. बसत नव्हतं.

"तुझ्या घराच्या कर्जामुळे माझं घर अडलंय," ते म्हणाले.

"तुमच्या हप्त्यांमुळे माझं नाव खराब झालंय," मी म्हणाले.

दोघेही गप्प. मग मला हसू आलं, आणि पलीकडून तेही हसल्यासारखे वाटले. पाच वर्षांत पहिल्यांदा आम्हा दोघांना एकाच वेळी एकच गोष्ट हवी होती. (कुणाला प्रश्न पडला असेल तर सांगते, मी अजून त्यांना "तुम्ही"च म्हणते आणि ते मला "तू". कोर्टाने बाकी सगळं सोडवलं, ते काही सुटलं नाही.)

दादाचं म्हणणं होतं, घर विकून टाक. कर्ज फेड, उरलेलं घे, वरच्या गल्लीत आमच्या शेजारी दोन खोल्या भाड्याने बघू. सरळ हिशेबाने दादा चूक नव्हता. विकणं हाच बहुतेकांसाठी सोपा मार्ग असतो. एक सौदा, दोघांच्या सह्या, बँकेचं आधी, मग वाटणी. पण आबा नव्वदीकडे झुकलेले, त्यांनी दिलेले चार लाख म्हणजे त्यांच्या रानाचा एक तुकडा होता. आणि घटस्फोट झालेल्या बाईने माहेरच्या गल्लीत भाड्याने राहणं म्हणजे काय, ते दादाला कधी कळणार नाही, वहिनीला कळलं. ती म्हणाली, "ताई, घर सोडू नका. मी ह्यांना सांगते." तिने काय सांगितलं माहीत नाही, पण पुढच्या आठवड्यात दादा स्वतःहून म्हणाला, सहकर्जदार म्हणून माझं नाव लाव.

वकीलसाहेबांनी आणखी एक गोष्ट सांगून माझी झोप उडवली होती. खरेदीपत्रावर अजून दोघांची नावं. उद्या त्यांना काही झालं तर त्यांच्या अर्ध्या हिश्श्यावर हक्क सांगायला त्यांची आई, आताची बायको आणि आमची लेक, अशा तिघी उभ्या राहतील. हिंदू वारसा कायद्यात तिघीही पहिल्या वर्गातल्या. संमतिपत्र माझ्या बाजूने आहे, पण ते दाखवून हिस्सा मिळवायला पुन्हा कोर्ट. म्हणजे ज्या बाईला मी कधी पाहिलंही नाही तिच्याशी माझी भांडणाची तारीख लागली असती, तिची काही चूक नसताना.

तेव्हा ठरलं असं. कर्ज तेरा लाख चाळीस हजार उरलं होतं. जरा थांबून हा आकडा बघा. दहा वर्षांत, करोनातले हप्ते थांबवलेले सहा महिने सोडले तर, वीस लाखांच्या आसपास भरून झाले होते आणि मुद्दल उतरलं होतं साडेचार लाखांच्या जवळपास. सुरुवातीची वर्षं व्याजच खातं हे हिशेबनीस असून मी कधी मांडून बघितलं नव्हतं. तर त्यांनी पाच लाख एकरकमी भरायचे, पीएफमधून काढून. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जात आधी पैसे भरले तर बँकेला दंड घेता येत नाही, तेवढं बरं. उरलेले आठ लाख चाळीस हजार मी दुसऱ्या बँकेतून माझ्या नि दादाच्या नावावर घ्यायचे, पंधरा वर्षांसाठी. पुढच्या हप्त्यांतून ते मोकळे, आणि हिस्सा लगेच माझ्या नावे सोडायचा. हे सगळं वकिलांनी लिहून कोर्टातल्या संमतिपत्राला पूरक म्हणून केलं.

बोलायला चार वाक्यं. करायला सात महिने.

आधी माझा गुणांक सुधारायचा होता. त्यासाठी हप्ता माझ्या खात्यातून वळता करून घेतला, ते पाच तारखेच्या आत मला पैसे पाठवायचे. एकदाही चुकले नाहीत, हे लिहिलं पाहिजे. मग खरा गुंता समोर आला. नवी बँक म्हणे, घर तुमच्या एकटीच्या नावावर करून आणा, मग कर्ज देतो. जुनी बँक म्हणे, कर्ज फेडा, मग नाव बदलायला परवानगी देतो. फेडायला नवं कर्ज हवं, नव्या कर्जाला नाव हवं, नावाला फेड हवी. दोन्हीकडे माणसं भली होती, पण प्रत्येकाच्या हातात आपापला छापील कागद. तीन चकरा झाल्यावर नव्या बँकेतल्या एका वयस्कर अधिकाऱ्यांनी मार्ग सांगितला. त्यांनी मंजुरीचं पत्र आधी द्यायचं, अट घालून, की हक्कसोडपत्र नोंदवल्यावर रक्कम थेट जुन्या बँकेच्या नावे जाईल. ते पत्र बघून जुन्या बँकेने लेखी ना हरकत द्यायची, की कर्ज फिटण्याच्या अटीवर हक्कसोड करायला आमची आडकाठी नाही. दोन पत्रांवर तारखा जुळवायला दीड महिना गेला. तुमच्यापैकी कुणावर ही वेळ आली तर पहिल्याच दिवशी दोन्ही बँकांना एकमेकांच्या अटी लेखी मागा. मी तोंडी विचारत फिरले म्हणून वेळ गेला.

मुद्रांकाचं ऐका. नवरा-बायकोत हक्कसोड किंवा बक्षीसपत्र असेल तर कर्नाटकात शुल्कात मोठी सवलत असते. आम्ही आता नवरा-बायको नव्हतो. त्यामुळे अर्ध्या हिश्श्याच्या सरकारी किमतीवर परक्यासारखं पूर्ण शुल्क. मुद्रांक, नोंदणी सगळं धरून नव्वद हजारांच्या वर. २०२१ मध्ये त्या सहा महिन्यांत बँकेला सोबत घेऊन हे केलं असतं, तर काही हजारांत भागलं असतं. वॉशिंग मशीनवर भांडण्यात नव्वद हजार गेले असं मी दादाला म्हटलं तर तो म्हणाला, तेवढ्यात सहा मशीनं आली असती.

मी एक शक्कल काढली होती. त्यांनी हिस्सा लेकीला बक्षीस द्यावा, बाप-लेकीचं नातं तर कोर्टाने तोडलेलं नाही, सवलत मिळेल. वकीलसाहेब हसले. लेक चौदाची. अल्पवयीन मुलाच्या नावावरची मिळकत गहाण ठेवायची तर आई असले तरी कोर्टाची परवानगी लागते. नवी बँक तिच्या हिश्श्यावर कर्ज देणारच नाही. शक्कल तिथेच संपली.

२०२४ च्या मार्चमध्ये नोंदणीचा दिवस मिळाला. ते पुण्याहून मुखत्यारपत्र पाठवू शकले असते, मी सुचवलंही होतं. म्हणाले, नको, येतो. सकाळी सहाच्या गाडीने उतरले. उपनोंदणी कार्यालयात दहापासून बसलो, एकाच बाकावर, मध्ये दादा. दस्त कानडीत. मी शाळेत कानडी शिकले, वाचता येतं, पण दस्ताची कानडी म्हणजे काही वेगळंच प्रकरण. निपाणीच्या मराठी शाळेत शिकून ते पुण्याला गेलेले, त्यांना अक्षरही येत नाही. मग दस्तलेखकाने प्रत दिली आणि मी त्यांना एकेक ओळ मराठीत सांगत गेले. चतुःसीमा. पूर्वेला अमक्याचा प्लॉट, दक्षिणेला वीस फुटी रस्ता. "सदर मिळकतीत यापुढे मला किंवा माझ्या वारसांना कसलाही हक्क, हितसंबंध राहिलेला नाही." ही ओळ मीच त्यांना वाचून दाखवली. ते म्हणाले, "हं, पुढे." मला मात्र घसा खाकरावा लागला.

नंबर आला. कॅमेऱ्यासमोर फोटो, यंत्रावर अंगठा. कारकुनाने कागदावरून नजर न उचलता विचारलं, "संबंध एनु?" तुमचं नातं काय. मला कानडी शब्द सुचेना. मराठीही सुचेना. त्यांना प्रश्न कळला होता, कारण ते माझ्याकडे बघत होते. शेवटी दादाने उत्तर दिलं, "जॉइंट ओनर." कारकुनाने काहीतरी टाइप केलं. काय केलं ते मी आजतागायत बघितलेलं नाही.

बाहेर आल्यावर दादा गाडी काढायला गेला. आम्ही दोघं उभे होतो. ते म्हणाले, "मागच्या भिंतीत ओल येत होती, ती काढलीस का?" मी म्हटलं, गेल्या वर्षी वॉटरप्रूफिंग केलं. "कितीला?" आकडा सांगितला. "जास्त घेतले," म्हणाले. मग लेकीला शाळेतून आणून आम्ही तिघं कॉलेज रोडवर जेवलो. त्यांनी तिला विचारलं, कुठला लॅपटॉप हवा. मी मध्ये बोलले नाही.

जुन्या बँकेचं कर्ज त्याच आठवड्यात फिटलं. कर्ज फिटल्यावर तारणाचे मूळ कागद ३० दिवसांच्या आत परत द्यावेत, उशीर झाल्यास दिवसाला ५००० रुपये द्यावेत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू झालाय. मी तो छापून पिशवीत ठेवला होता, काढायची वेळ आली नाही. तीन आठवड्यांत खरेदीपत्र नव्या बँकेकडे गेलं. आता माझा हप्ता आठ हजार चारशेच्या आसपास. पगार चौतीस हजार. जमतं. कर्ज बंद झाल्याची नोंद सिबिलवर दोघांच्याही नावापुढे आली की नाही, ते मी दोन महिन्यांनी तपासलं. एका ठिकाणी आली नव्हती, तक्रार केल्यावर आली.

ईसी म्हणजे मिळकतीवरच्या बोज्याचा दाखला काढला. त्यात नवा बोजा माझ्या नि दादाच्या नावाने, जुना कमी झालेला. सगळं बरोबर. पण मला त्यात एक ओळ कमी वाटत राहिली. त्या पाटल्यांची. संमतिपत्रात, पूरक करारात, हक्कसोडपत्रात, कुठेच त्या नव्हत्या. आबांचे चार लाख घरातच राहिले, कारण घर माझ्याकडे राहिलं. त्यांच्या मुलाचे हप्ते पोटगीत धरले गेले. सासूबाईंचा हिशेब कुणीच केला नाही, आणि त्यांनी मागितलाही नाही.

मे महिन्यात लेकीला घेऊन निपाणीला गेले. माझ्या माहेरच्या तीन तोळ्यांच्या पाटल्या होत्या, त्या रुमालात बांधून नेल्या. लेक आत टीव्ही लावून बसली. मी रुमाल त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, "अत्ती, तुमच्या होत्या तेवढ्या नाहीत." मला वाटलं, नको म्हणतील, नातीला ठेव म्हणतील. मी मनातल्या मनात आग्रहाची वाक्यं जुळवत होते.

त्यांनी गाठ सोडली, पाटल्या तळहातावर घेऊन थोडं खालीवर केलं. "कमी भरत्यात," म्हणाल्या.

"एक तोळा कमी आहे. पुढच्या दिवाळीपर्यंत—"

"असू दे." त्यांनी पाटल्या हातात चढवायला घेतल्या. सांधे सुजलेले, एक चढली, दुसरी चढेना. मी साबण आणला आणि चढवून दिली. मग हात पदराला पुसत म्हणाल्या, "चा ठेव की. दूध खालच्या फडताळात आहे, जागा बदललीया."

ईसी स्वच्छ आहे. ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या पावतीवर मात्र अजून दोघांची नावं येतात. नमुना नऊ-अकराच्या दुरुस्तीचा अर्ज दिलाय, आणखी एकदा जाऊन यावं लागेल.